पन्हा

पन्हा : विणलेल्या कापडाची एका किनारीपासून समोरच्या किनारीपर्यंतची रुंदी. मराठीत आडवे माप सांगण्यासाठी ‘रुंदी’ हा सर्वसाधारण शब्द असला, तरी कापडाच्या बाबतीत विणकर, व्यापारी, शिंपी आणि गिऱ्हाईक हे चौघेही ‘पन्हा’ हाच शब्द वापरतात. रस्ता, नदीचे पात्र, दाराची चौकट यांना रुंदी असते. पन्हा असतो तो मागावरून उतरलेल्या कापडाला. त्यातही एक सूक्ष्म भेद पाळला जातो. ताग्यातून फाडून घेतलेल्या कापडाला, त्याच्या दोन्ही किनारी शाबूत असेपर्यंत, पन्हा असतो. त्यातून हातरुमाल वा बाहीचा तुकडा कापून काढला, की त्या तुकड्याला उरते ती केवळ रुंदी. पन्हा हे कापणाऱ्याने ठरविलेले माप नसून विणणाऱ्याने ठरविलेले माप होय, ही गोष्ट शब्दाच्या या वापरातच अनुस्यूत आहे. लांबी गिऱ्हाईक हवी तेवढी मागू शकते; पन्हा आहे तसा घ्यावा लागतो.

हा शब्द मराठीत फार्सीतून आला. फार्सीत ‘पहन’ म्हणजे रुंद, विस्तीर्ण आणि ‘पहना’ म्हणजे रुंदी. ‘ह’ व ‘न’ या वर्णांच्या जागांची अदलाबदल होऊन ‘पन्हा’ हे रूप मराठीत रुळले. हिंदीतील ‘पनहा’ व ‘पना’ आणि गुजरातीतील ‘पनो’ हे त्याचेच भाऊबंद होत. कापडव्यापाराच्या परिभाषेत गज, तागा यांसारखे शब्द जसे रूढ झाले, तसाच हाही झाला आणि ‘रुंद’ या प्राकृतातून आलेल्या शब्दाने कापडापुरती आपली जागा त्याला दिली. उत्तरेकडे याच अर्थी ‘अर्ज’ हा मूळ अरबी शब्द चालतो. मराठीला अर्ज माहीत आहे तो केवळ विनंतीचा. त्यामुळे उत्तरेतील दुकानदाराने कापडाचा अर्ज सांगितला, की मराठी गिऱ्हाईक क्षणभर बुचकळ्यात पडते. ‘पन्हा’ हा शब्द पुल्लिंगी असून त्याचे सामान्यरूप ‘पन्ह्या-’ असे होते. कैरीच्या ‘पन्हे’ या पेयाचे सामान्यरूपही तेच. परंतु तो शब्द संस्कृत ‘पानक’ यापासून आलेला असल्याने दोहोंचा काहीही संबंध नाही.

पन्हा कशाने ठरतो, हे समजण्यासाठी मागाची रचना ध्यानात घ्यावी लागते. मागावर उभे धागे (ताणा) ताणून बसविलेले असतात व त्यांच्यातून आडवा धागा (बाणा) धोट्याच्या साहाय्याने इकडून तिकडे नेला जातो. प्रत्येक उभा धागा फणीच्या दातांमधील फटीतून गेलेला असतो. सर्व उभे धागे मिळून फणीवर जेवढी जागा व्यापतात, तेवढ्यात आडवा धागा फिरतो आणि कडेच्या धाग्याला वळसा घालून परत येतो. या वळशांमुळेच न उसवणारी किनार तयार होते. पन्हा वाढवावयाचा झाल्यास फणी लांब हवी, माग रुंद हवा आणि उभ्या धाग्यांची संख्याही त्याच प्रमाणात वाढावयास हवी. उदा., दर सेंमी.ला ३० उभे धागे असणाऱ्या ८० सेंमी. पन्ह्याच्या कापडास २,४०० धागे लागतात, तर १२० सेंमी. पन्ह्यास ३,६००. हे सर्व धागे एकेक करून फणीतून ओवावे लागत असल्याने पन्हा बदलणे हे विणकराच्या दृष्टीने किरकोळ काम नव्हे. एकदा माग लावला, की तो ताणा संपेपर्यंत पन्हा तोच राहतो.

हातमागावर याहूनही मूलभूत अशी एक मर्यादा असते व ती माणसाच्या शरीराची आहे. विणकर एका हाताने धोटा फेकतो आणि दुसऱ्या हाताने झेलतो. म्हणून दोन्ही हातांच्या सहज पोचेपलीकडे पन्हा जाऊ शकत नाही. त्याहून रुंद कापड विणावयाचे तर मागाच्या दोन बाजूंना दोन माणसे बसवावी लागत. इंग्लंडमधील रुंद लोकरी कापड अनेक शतके असेच विणले जात होते. १७३३ मध्ये जॉन के याने धावत्या धोट्याची युक्ती काढली. तीत दोरी ओढताच धोटा झटक्याने एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जाऊन पडतो व एकटा विणकरही रुंद कापड विणू शकतो. वस्त्रोद्योगातील यांत्रिक क्रांतीच्या आरंभी जे शोध लागले, त्यांपैकी हा एक महत्त्वाचा शोध होय आणि त्याचा उगम पन्ह्याच्या अडचणीत आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. भारतात या प्रकारचा ‘झटक्याचा माग’ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसार पावला.

मागाच्या या मर्यादेवर जगात ठिकठिकाणी एकच तोडगा निघाला : अरुंद कापड विणावयाचे आणि पन्ह्याला पन्हा जोडून शिवावयाचे. पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात ‘केंटे’ हे प्रसिद्ध वस्त्र सुमारे १० सेंमी. रुंदीच्या पट्ट्या जोडून तयार करतात. राजस्थानातील ‘पट्टू’ हे पांघरूण दोन अर्धुके निरनिराळी विणून मध्ये शिवलेले असते. ‘दुपट्टा’ या शब्दाचाही मूळ अर्थ दोन पाटांचे म्हणजे दोन रुंद्या जोडून केलेले वस्त्र असाच आहे. आज दुपट्टा एकसंध कापडाचा असतो, पण नावात ती जुनी शिवण राहून गेली आहे. जपानमध्ये किमोनोचे कापड सु. ३६ ते ३८ सेंमी. एवढ्याच पन्ह्याचे विणतात आणि त्याच्या सरळ पट्ट्यांतूनच सगळा पोशाख शिवतात. किमोनोच्या पाठीच्या मध्यावर जी उभी शिवण दिसते, ती दोन पन्ह्यांच्या सांध्याची होय.

पन्ह्यावर राज्यसत्तेचेही लक्ष फार पूर्वीपासून होते. इंग्लंडमध्ये १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत धान्य व मद्य यांच्या मापांबरोबरच रंगीत व जाड्याभरड्या लोकरी कापडाची रुंदीही एकच, म्हणजे किनारींच्या आत दोन एल असावी, असे कलम आहे (एल हे कापड मोजण्याचे तत्कालीन इंग्रजी माप). राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या दस्तऐवजात कापडाच्या पन्ह्याला स्थान मिळावे, याचे आज नवल वाटते. परंतु लांबीवर विकल्या जाणाऱ्या मालात लबाडी करण्याची सर्वांत सोपी जागा रुंदी हीच असते. लांबी गिऱ्हाइकासमोर मोजली जाते, पन्हा गृहीत धरला जातो.

भारतात कापड मोजण्याची जुनी मापे शरीरावरून घेतलेली होती. कौटिलीय अर्थशास्त्रात आठ यवांचे एक अंगुळ, बारा अंगुळांची वीत व चोवीस अंगुळांचा हात असे कोष्टक आहे. मुंबई इलाख्यात १६ तसूंचा हात व २४ तसूंचा गज चाले. हा गज २७ इंचांचा, म्हणजे सु. ६८·६ सेंमी. असे, त्यानुसार एक तसू सव्वा इंचाला थोडा कमी पडतो. इंग्रजी अमदानीत ३६ इंचांचा वार (०·९१४४ मी.) रूढ झाला आणि गज मागे पडला. १९५६ च्या वजने व मापे मानके अधिनियमाने दशमान पद्धती स्वीकारण्यात आली व पुढील काही वर्षांत कापड मीटरवर विकले जाऊ लागले. मात्र हे स्थित्यंतर पन्ह्यापर्यंत पुरतेपणी पोचले नाही. आजही दुकानात लांबी मीटरमध्ये आणि पन्हा इंचात सांगण्याची रीत आहे : ‘अडीच मीटर द्या, छत्तीसचा पन्हा आहे ना?’ लुगड्याची गणना तर अद्याप वारांतच होते आणि काठाची रुंदी बोटांनी सांगतात. एकाच वस्त्राच्या वर्णनात अशी तीन काळांतील मापे सुखाने एकत्र नांदतात.

दुकानात सामान्यतः आढळणारे पन्हे म्हणजे ३६ इंच (सु. ९१ सेंमी.), ४४–४५ इंच (सु. ११२–११४ सेंमी.), ५४ इंच (सु. १३७ सेंमी.) आणि ५८–६० इंच (सु. १४७–१५२ सेंमी.) हे होत. पहिल्यास लहान किंवा एकेरी पन्हा आणि शेवटच्या दोहोंस मोठा किंवा दुहेरी पन्हा म्हणतात. ‘डबल पन्हा’ असा संकरित शब्दप्रयोगही सर्वतोमुखी आहे. मोठ्या पन्ह्याचे कापड सहसा मध्ये दुमडून फळीवर गुंडाळलेले असते, त्यामुळे ते दिसते त्याच्या दुप्पट रुंद निघते.

वस्त्राच्या प्रकाराप्रमाणे पन्ह्याचे काम बदलते. सदरा शिवताना कापडाची लांबी अंगावर उभी येते व पन्हा आडवा जातो. साडी, धोतर व लुंगी या न शिवलेल्या वस्त्रांत याच्या उलट घडते : लांबी अंगाभोवती गुंडाळली जाते आणि पन्हा कमरेपासून पायापर्यंत उभा येतो. नऊवारी, सहावारी ही नावे लांबीवरून पडली आहेत (अनुक्रमे सु. ८·२३ व ५·४९ मी.), पन्हा नावात येत नाही, कारण तो ठरलेलाच धरलेला असतो. नेसणाऱ्या व्यक्तीला मात्र त्याचेच महत्त्व अधिक. लांबी जास्त झाली तर निऱ्यांत सामावते, कमी झाली तर पदर आखूड घेता येतो. पन्हा कमी पडला तर त्यावर असा उपाय नसतो. उंच स्त्रीला साडी ‘वर चढते’ ती लांबीमुळे नव्हे, पन्ह्यामुळे. अशा वेळी कमरेशी खोचल्या जाणाऱ्या काठाला आतून पट्टी जोडून घेतात. साडीच्या पन्ह्यात दोन्ही काठ धरलेले असतात. म्हणून काठ रुंद केले, तर मधला अंगाचा भाग तेवढाच अरुंद होतो. काठ वेगळ्या रंगाचे असून अंगाचा रंग त्यांत मिसळू द्यावयाचा नसेल, तर तीन स्वतंत्र धोटे वापरून विणतात. विदर्भातील करवतकाठी वस्त्रांत ही पद्धती दिसते.

चोळीचा खण हे पन्ह्याला अनुसरून बेतलेल्या वस्त्राचे उत्तम उदाहरण होय. बागलकोट जिल्ह्यातील (कर्नाटक) गुळेदगुड्ड येथे विणले जाणारे आणि महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे हे कापड वारापेक्षा कमी पन्ह्याचे व दोन्ही बाजूंना काठ असलेले असते. चोळी बेतताना हेच काठ बाह्यांच्या कडांवर यावेत अशी योजना असते, त्यामुळे वेगळी पट्टी लावावी लागत नाही. अशा कापडाचा पन्हा वाढविला तर काठ नेमक्या जागी येणार नाहीत आणि कापडही वाया जाईल. लहान पन्हा म्हणजे हलका माल, हा समज म्हणून सर्वत्र लागू पडत नाही.

अपुऱ्या पन्ह्यामुळे किती अडचण होऊ शकते, याचा एक प्रसंग महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत नमूद केला आहे. साबरमती आश्रमात व बडोदे संस्थानातील विजापूर येथे प्रारंभी जी जाडीभरडी खादी निघे, तिचा पन्हा ३० इंच, म्हणजे सु. ७६ सेंमी. होता. त्यामुळे गांधीजींचे धोतर अजून देशी गिरणीच्या कापडाचेच होते. खादीच्या कामाची धुरा वाहणाऱ्या गंगाबहेन यांना त्यांनी निर्वाणीचे कळविले, की महिन्याभरात ४५ इंच पन्ह्याचे खादीचे धोतर मिळाले नाही, तर आपण आखूड पन्ह्याचेच जाडेभरडे धोतर नेसू. गंगाबहेनना हा धक्काच होता, परंतु मुदतीच्या आतच त्यांनी ४५ इंच पन्ह्याची धोतरजोडी पाठविली. सुताच्या प्रश्नापाठोपाठ खादीपुढे उभा राहिलेला हा प्रश्न होता. हातसुताचे उभे धागे विणताना अधिक तुटतात. पन्हा वाढला, की अशा धाग्यांची संख्या वाढते आणि प्रत्येक तुटीला माग थांबवून गाठ मारावी लागते. पंधरा इंचांची ही वाढ म्हणूनच केवळ मागाची रुंदी वाढवून मिळण्यासारखी नव्हती.

खरेदी करताना पन्ह्याकडे दुर्लक्ष केल्यास पैशांचा हिशेब चुकतो. समजा, एक कापड ९० सेंमी. पन्ह्याचे असून त्याचा दर मीटरला १८० रुपये आहे आणि दुसरे १५० सेंमी. पन्ह्याचे असून दर २७० रुपये आहे. वरवर पाहता पहिले स्वस्त वाटते. चौरस मीटरचा दर काढला तर पहिल्याचा २०० रुपये व दुसऱ्याचा १८० रुपये येतो. म्हणजे दुसरेच स्वस्त. परंतु एवढ्यावर हिशेब संपत नाही, कारण कापड चौरस मीटरने अंगावर चढत नाही. वस्त्राचे भाग ६० सेंमी. रुंदीचे असतील, तर पहिल्या कापडातून शेजारी-शेजारी एकच आणि दुसऱ्यातून दोन निघतात. तेव्हा दुसरे कापड फारच फायद्याचे ठरते. तेच भाग ८० सेंमी. रुंदीचे असतील, तर दोन्ही कापडांतून एकेकच भाग निघतो आणि मोठ्या पन्ह्याचे जवळजवळ अर्धे कापड चिंध्यांत जाते. म्हणून जाणता शिंपी ‘किती मीटर आणू?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ‘पन्हा काय आहे?’ असे उलट विचारतो. पुरुषाच्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यास छत्तीसच्या पन्ह्यात सु. सव्वादोन ते अडीच मी. कापड लागते, तर अठ्ठावन्नच्या पन्ह्यात दीड मीटरहून थोडे अधिक पुरते.

घरातील पडद्यांचा हिशेब तर पन्ह्यांच्या संख्येनेच होतो. १८० सेंमी. रुंदीच्या खिडकीस दुप्पट चुणीचा पडदा हवा असेल, तर ३६० सेंमी. रुंदी लागते व १२० सेंमी. पन्ह्याचे तीन पन्हे जोडावे लागतात. नक्षीचे कापड असल्यास सांध्याच्या ठिकाणी नक्षी जुळविण्यासाठी प्रत्येक पन्ह्यात थोडे कापड जादा धरावे लागते. कापडाचे वजन सांगतानाही पन्हा विसरून चालत नाही : चौरस मीटरला २०० ग्रॅ. भरणारे १५० सेंमी. पन्ह्याचे कापड लांबीच्या दर मीटरला ३०० ग्रॅ. भरते.

विणलेला पन्हा आणि हाती येणारा पन्हा एक नसतो. मागावर उभे धागे फणीने पसरून धरलेले असतात. कापड विणून पुढे सरकले, की आडवा धागा उभ्या धाग्यांच्या वरखाली वळल्यामुळे आखडतो आणि पन्हा कमी होतो. १२० सेंमी. पसरलेल्या ताण्यापासून १२० सेंमी. पन्ह्याचे कापड कधीच मिळत नाही. हे आखडणे एकाएकी होऊन कडेचे धागे तुटू नयेत, म्हणून विणकर टोकांना अणकुच्या असलेली आडकाठी लावून कापड ताणून धरतो. पुढे धुलाई, रंगाई व सुकवणी यांत पन्हा पुन्हा बदलतो. शेवटच्या संस्करणात यंत्राच्या दोन बाजूंच्या साखळ्यांवरील चिमट्यांत किनारी धरून कापड ताणतात व उष्णतेने तो पन्हा पक्का करतात. येथे मर्यादेबाहेर ताणले तर चार-दोन सेंमी. पन्हा वाढल्याचे दिसते; पण पहिल्या धुण्यातच कापड आटते आणि बेतून शिवलेले वस्त्र आवळू लागते. किनारीवर ओळीने दिसणारी बारीक छिद्रे ही या यंत्राच्या खिळ्यांची खूण असते, दोष नव्हे.

पन्हा मोजताना कापड सपाट पृष्ठावर, सुरकुत्या काढून पण न ताणता पसरावे व माप किनारीशी काटकोनात घ्यावे. तिरपे माप नेहमी जास्तच भरते. ताग्याच्या टोकाशी कापड बरेचदा ओढलेले असल्याने आतील भागात चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढणे योग्य. किनारीसह माप व किनार सोडून वापरता येणारे माप यांत एक-दोन सेंमी.चा फरक पडतो. सौदा कोणत्या मापाचा, हे घाऊक व्यापारात आधी ठरवून घेतात. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैध मापन नियमांनुसार, जेथे आकार महत्त्वाचा असतो, तेथे वेष्टनावर मापे देणे बंधनकारक आहे. बंद पिशवीतील चादरीवर लांबी-रुंदी छापलेली असते ती त्यामुळे. ताग्यातून कापून घेतलेल्या कापडाच्या बाबतीत मात्र विचारणे व मोजून पाहणे हे गिऱ्हाइकाकडेच राहते.

यंत्रमागांमुळे पन्ह्यावरील शरीराची मर्यादा नाहीशी झाली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या केंद्रांत यंत्रमागाची ओळखही त्याच्या इंचांतील रुंदीने करून देतात, कारण त्यावर कोणत्या पन्ह्याचा माल निघू शकेल हे तिच्यावरच अवलंबून असते. अलीकडच्या बिनधोट्याच्या मागांवर पन्हा दोन-तीन मी.पर्यंत सहज जातो, आणि मोठ्या मागावर दोन-तीन कापडे शेजारी-शेजारी विणून मधोमध कापूनही काढतात. या मागांत आडवा धागा परत न वळता प्रत्येक फेरीस कापला जातो. त्यामुळे जुनी घट्ट किनार जाऊन तिच्या जागी धाग्यांची झालर राहते किंवा टोके आत दुमडून किनार बनवावी लागते. जुन्या धोट्याच्या मागांवर विणलेले, ३० इंचांच्या आसपास पन्ह्याचे आणि पक्क्या किनारीचे डेनिम कापड आज मुद्दाम अधिक किंमत देऊन घेतले जाते आणि विजारीच्या पायाची घडी उलटून ती किनार मिरविली जाते.

होजिअरीच्या, म्हणजे गुंफलेल्या कापडास खऱ्या अर्थाने पन्हा नसतो. ते बहुधा नळीसारखे गोल विणले जाते व त्याला किनार नसते. नळी सपाट करून घेतलेल्या मापाच्या दुप्पट ही त्याची उघडी रुंदी होय. असे कापड सहसा वजनावर विकले जाते.